लांकडी पिकोलो कीं वेळूची बासरी ?

अलीकडे पालकमंडळींकडून एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यांत येतो. प्रजासत्ताक दिनाचें संचलन मुलें घरीं बसून दूरदर्शनवर पाहतात. बँडांत कोणी वादक दीड वीत लांबीची एक काळी बासरी आडवी धरून वाजवीत असतो. तिचा पांखराच्या शिळेसारखा उंच स्वर ढोल-कर्ण्यांच्या गजरांतूनही स्पष्ट ऐकूं येतो. आणि तो मुलांच्या मनांत असा कांहीं भरतो कीं, ‘मला तशीच बासरी पाहिजे’ हा हट्ट त्याच सायंकाळीं सुरू होतो. त्या वाद्याचें नांव पिकोलो, एवढें मोबाईलवर शोधून वडिलांस कळतें. किंमत पाहून ते दचकतात, आणि मग विचारणा होते : थोड्या पैशांत बरा लांकडी पिकोलो कोणता घ्यावा ?

आमचें उत्तर स्पष्ट आहे. पैसे थोडे असतील तर लांकडी पिकोलो मुळींच घेऊं नये. आणि पैसे पुष्कळ असले तरी पहिलें वाद्य म्हणून तो घेऊं नये. त्या पैशाच्या अगदीं लहानशा हिश्शांत सुरांत लावलेली वेळूची बासरी मिळते, ती घ्यावी. हें ऐकून मुलांचीं तोंडें उतरतात हें आम्हांस ठाऊक आहे. कांहीं पालकांसही असें वाटतें कीं, ‘गरिबाच्या पोरानें पांवा वाजवावा आणि श्रीमंताच्या पोरानें पिकोलो’ असा ह्या उपदेशाचा आशय असावा. तसें बिलकुल नाहीं. म्हणून आमचीं कारणें जरा विस्तारानें मांडणें भाग आहे.

मेढ्यासारख्या गांवीं हा प्रश्न नुसत्या हौसेचा नव्हे. जावळींतील किती घरांचा कर्ता पुरुष मुंबईस किंवा वाशीच्या बाजारांत माथाडीचें काम करितो, हें येथील वाचकांस सांगावयास नको. पाठीवर पोतीं वाहून मिळविलेल्या पैशांतून मुलाच्या वाद्याकरितां जें कांहीं बाजूस काढलें जातें, तें पुन्हां लवकर निघत नाहीं. पहिल्या खरेदींत फसगत झाली तर दुसरी खरेदी होत नाहीं, आणि त्या मुलाचें वाजविणें तेथेंच संपतें. वाद्य चुकीचें होतें असें मग कोणी म्हणत नाहीं. ‘ह्याला कांहीं तें जमलें नाहीं,’ असें म्हणतात, व तें मूलही तोच समज मनाशीं धरून मोठें होतें. आमची खरी काळजी ही आहे.

प्रथम पिकोलो म्हणजे काय तें पाहूं. हा इटालियन शब्द असून त्याचा अर्थ ‘लहान’ एवढाच आहे. पाश्चात्य मोठ्या बासरीच्या निम्म्या लांबीचें, सुमारें ३२ सेंटिमीटरांचें हें वाद्य तिच्यापेक्षां एक सप्तक वर बोलतें. जर्मनींतील थिओबाल्ड बोम ह्या बासरीवादक कारागिरानें १८४७ सालीं मोठ्या बासरीची जी नवी रचना सिद्ध केली, तिच्यांत बोटांनीं छिद्रें झांकण्याऐवजीं गाद्या लावलेल्या चाव्या दाबावयाच्या असतात. तीच व्यवस्था पुढें पिकोलोलाही आली. मोठी बासरी कालांतरानें बहुशः धातूची झाली. पिकोलो मात्र अद्यापि पुष्कळ वादक लांकडाचाच पसंत करितात, कारण एवढ्या उंच स्वराला धातूंत जो कर्कशपणा येतो तो लांकडांत कांहींसा निवतो.

आतां तें लांकूड कोणतें ? टांझानिया व मोझांबिक ह्या आफ्रिकेंतील देशांत होणारें ग्रेनॅडिला. स्वाहिली भाषेंत त्या झाडास म्पिंगो म्हणतात. आपल्या सह्याद्रींतील शिसवीचें हें सख्खें भावंड म्हणावें लागेल, इतकीं दोहोंचीं कुळें एक आहेत. परंतु तें शिसवीपेक्षांही जड. पाण्यांत टाकलें तर तळाशीं जातें. झाड सावकाश वाढतें, त्यांतून वाद्याजोगा निर्दोष तुकडा थोडाच निघतो, आणि तो वर्षानुवर्षें सुकवावा लागतो. ह्या कुळांतील झाडांची तोड इतकी झाली कीं, दुर्मिळ वनस्पतींच्या व्यापारासंबंधीं जो आंतरराष्ट्रीय करार आहे त्यांत २ जानेवारी २०१७ पासून सबंध कुळावर निर्बंध घालण्यांत आले. तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली ती १९१९ नव्हे, अगदीं परवां, २०१९ च्या नोव्हेंबरांत. अशा लांकडावर चांदीचा मुलामा दिलेल्या चाव्या हातानें बसवून जें वाद्य तयार होतें, त्याची किंमत नामांकित कारखान्याच्या मालास लाख रुपयांच्या पुढें जाते ह्यांत आश्चर्य नाहीं.

मग बाजारांत त्याच्या दहाव्या हिश्शानें ‘लांकडी’ म्हणून जे पिकोलो दिसतात, त्यांत कमी काय केलेलें असतें ? दोन गोष्टींत काटकसर केलेली असते, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टींवर वाद्य उभें असतें. एक, लांकूड पुरतें सुकवलेलें नसतें. दुसरी, चाव्यांच्या गाद्या छिद्रांवर नीट बसत नाहींत. एखाद्या गादीखालून केसाएवढी हवा निसटली तरी खालचे स्वर बोलत नाहींत. शिकाऊ मुलास वाटतें आपली फुंक कमी पडते, म्हणून तें अधिक जोरानें फुंकतें, आणि तोंडाची ठेवण कायमची बिघडून बसते. गाद्या बदलणारा कारागीर साताऱ्यास सहजासहजीं सांपडत नाहीं. मुंबई गांठावी लागते.

शिवाय मेढ्याची हवा. येथें जूनपासून सप्टेंबरपर्यंत वेण्णेच्या खोऱ्यांत पाऊस कोसळत असतो, भिंतींना ओल येते, कपाटांतील चामड्यावर बुरशी चढते. त्यानंतर हिवाळा कोरडा आणि उन्हाळा त्याहून कोरडा. फुंकीच्या वाद्यास आंतून श्वासाची ओल व बाहेरून कोरडी हवा असा दुहेरी ताण पडतो, व कच्चें लांकूड तडकतें. चांगल्या लांकडाचा नवा पिकोलोसुद्धां पहिले कांहीं आठवडे रोज थोडीं मिनिटेंच वाजवून हळूहळू सरावावा लागतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातीं नवें वाद्य देऊन ‘दहा मिनिटें झालीं, आतां ठेव’ असें म्हणून पाहावें ! तें मूल पहिल्याच रविवारीं चार तास वाजवणार, आणि त्यानें तसेंच करावें अशी आमचीही इच्छा आहे. ज्या वाद्यास मुलाचा उत्साह सोसत नाहीं तें मुलाचें वाद्य नव्हे.

जुन्या वाद्यांचा मोहही पुष्कळांस पडतो. मुंबईच्या जुन्या बाजारांत लष्करी बँडांतून निघालेले जुने लांकडी पिकोलो कधीं कधीं नजरेस पडतात, आणि ‘असलें लांकूड आतां मिळायचें नाहीं’ हें विकणाऱ्याचें म्हणणें खोटें नसतें. पण त्यांत दोन अडचणी दडलेल्या असतात. पूर्वींच्या बँडांत अर्ध्या स्वरानें चढे असे पिकोलो फार प्रचारांत होते. ते आजच्या इतर वाद्यांबरोबर वाजवावयाचे तर प्रत्येक स्वर मनांत बदलून वाजवावा लागतो. दुसरें असें कीं, ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत आजच्यापेक्षां बरीच चढी पट्टी वापरीत. सेकंदास ४४० कंपनांची आजची पट्टी १९३९ सालच्या लंडनच्या परिषदेंत ठरली. त्यापूर्वींचें वाद्य दिसावयास कितीही देखणें असलें तरी तें पेटीशीं जुळत नाहीं, आणि कोणत्याही दुरुस्तीनें जुळावयाचें नाहीं. असलें वाद्य दिवाणखान्यांत कांचेच्या कपाटांत शोभतें, शाळेंत नव्हे.

एक अपवाद सांगितला पाहिजे. जो विद्यार्थी पाश्चात्य पद्धतीची मोठी बासरी दोनचार वर्षें शिकला आहे व ज्याला बँडांत खरोखरच पिकोलो वाजवावयाचा आहे, त्यानें लांकडाचा आग्रह सोडून यामाहा कंपनीच्या वायपीसी-३२ सारखा, डोकें धातूचें व अंग टणक प्लास्टिकचें असलेला पिकोलो पाहावा. प्लास्टिक हा शब्द ऐकून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. तें पावसाळ्यांत फुगत नाहीं, उन्हाळ्यांत तडकत नाहीं, आणि बेताच्या पैशांत विश्वासानें सुरांत बोलतें. परंतु असे विद्यार्थी आमच्या तालुक्यांत बोटांवर मोजण्याइतकेही निघतील कीं नाहीं, शंकाच आहे. बाकीच्यांचा प्रश्न वेगळा आहे.

त्या बाकीच्यांना आम्ही वेळूची बासरी सुचवितों, ती पिकोलोच्या खालची पायरी म्हणून नव्हे. पिकोलोचा सर्वांत खालचा स्वर आणि फूटभर लांबीच्या, टिपेच्या पांढरी पांच पट्टीच्या बासरीचा मंद्र पंचम हे दोन्ही एकच आहेत. म्हणजे ज्या पांखरासारख्या आवाजावर मूल भाळलें तो आवाज आपल्या वेळूंतही आहे. फरक एवढाच कीं येथें छिद्रांवर चाव्या नाहींत, उघडीं बोटें आहेत. आणि बोट हळूच सरकवून एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड, जी आपल्या गाण्याचा जीव आहे, ती चावीनें निघणें कठीण व बोटानें सोपें.

ज्यांस वेळू हें गुराख्याचें साधन वाटतें, त्यांनीं पन्नालाल घोष ह्यांचें उदाहरण पाहावें. बारिसालचे हे वादक १९४० सालीं मुंबईस आले. गुराख्याच्या हातांतील बासरी ख्यालगायनाच्या तोडीस नेण्याकरितां त्यांना मोठें, गंभीर आवाजाचें वाद्य हवें होतें. त्यांनीं धातूच्या नळ्या करून पाहिल्या, निरनिराळीं लांकडें कोरून पाहिलीं, आणि अखेर वेळूवरच येऊन स्थिरावले. त्यांची बत्तीस इंचांची, सात छिद्रांची बासरी आज देशभर मैफलींतून वाजते. म्हणजे ज्या माणसास कोणतेंही द्रव्य निवडण्याची मोकळीक होती त्यानेंही वेळूच निवडला. (वनस्पतिशास्त्राच्या तासाला वेळू हें गवत आहे असें मुलें शिकतात, तेव्हां ‘लांकडी’ हा शब्द येथें सैल अर्थानें घ्यावा.)

आतां खरा विषय, म्हणजे निवड. येथें आम्ही थोडें रेंगाळणार आहों, कारण पैसे येथेंच वांचतात किंवा बुडतात.

पहिली गोष्ट पट्टीची. दुकानदारास ‘एक बासरी द्या’ असें म्हणणें म्हणजे कापडाच्या दुकानांत ‘एक सदरा द्या’ म्हणण्यासारखें आहे. कोणाच्या मापाचा, हा प्रश्न राहतोच. बासरीवरचीं वरचीं तीन छिद्रें झांकलीं असतां जो स्वर निघतो तो तिचा षड्ज, आणि तो षड्ज पेटीच्या ज्या पट्टीशीं जुळेल त्या पट्टीची ती बासरी. अकरा-बारा वर्षांच्या मुलास पांढरी एकची, सुमारें दीड फूट लांबीची बासरी बेताची होते. हात लहान असेल तर टिपेच्या पांढरी तीनची, सव्वा फुटाची घ्यावी. मैफलींत दिसणारी अडीच फुटांची खर्जाची बासरी मुलास घेऊन देऊं नये. तिच्या छिद्रांवर त्याचीं बोटें पोहोंचत नाहींत, व ताणून पोहोंचवलीं तर मनगट दुखावतें. ‘मोठेपणीं उपयोगीं पडेल’ हा विचार चपला घेतांना ठीक आहे.

दुसरी गोष्ट सूर, आणि तीच मुख्य. घरोघर मोबाईल आहेत, व स्वर मोजून दाखविणारीं साधनें त्यांवर फुकट मिळतात. तें साधन घेऊनच दुकानांत जावें. बासरी थंड असतां स्वर उतरलेला दाखविते, ह्याकरितां प्रथम दोन मिनिटें फुंकून ती हातांत ऊबदार होऊं द्यावी. हिवाळ्यांतील सकाळीं तर हें अवश्य करावें. मग षड्ज पाहावा. तीच बोटें ठेवून किंचित जोरानें फुंकलें असतां वरचा षड्ज निघतो. तो बरोबर एक सप्तक वर असला पाहिजे. साही छिद्रें झांकून मंद्र पंचम व मध्य पंचम ह्यांचीही तशीच जोडी तपासावी. दोन्ही जोड्या जमत नसतील तर फुंकरीच्या छिद्राजवळचें बूच सरकलेलें असतें किंवा नळीच वेडीवांकडी असते. बूच कारागीर तिथल्या तिथें हलवून देतो. नळीवर इलाज नाहीं.

त्यानंतर एकेक बोट उचलून रिषभ, गंधार, आणि सर्व छिद्रें मोकळीं असतां तीव्र मध्यम, असे स्वर पाहत जावें. येथें एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट ध्यानांत ठेवावी. सगळेच स्वर सारख्या मानानें थोडे चढे किंवा थोडे उतरे असतील तर बासरी टाकाऊ नव्हे. घरीं एकट्यानें अभ्यास करावयास ती चालते. पण षड्ज बरोबर, गंधार चढा आणि निषाद उतरा, अशी विषम बासरी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. सारख्या चढ्या बासरीवर मूल खरें गाणें चढ्या पट्टींत शिकतें. विषम बासरीवर तें खोटें गाणें शिकतें, आणि कान एकदां तसे घडले कीं पुन्हां घडविणें अवघड.

कान कसे घडतात हा विषय ह्या भागास नवा नाहीं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनीं बावीस श्रुतींच्या मोजमापाचा ध्यास घेऊन १९१० सालीं त्यावर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें; त्यांच्या प्रयोगांत अब्दुल करीम खां ह्यांच्या गळ्याची त्यांना मदत झाली. एका स्वराच्या केसाएवढ्या फरकासाठीं निवृत्त अधिकारी आणि थोर गवई तासन् तास बसत होते, आणि आपण मुलाच्या हातीं पाव पाव स्वरानें चुकलेली नळी देतों व वर त्यालाच ‘औरंगजेब’ म्हणतों !

विकणारा वाजवून दाखवितो त्यावर मुळींच भिस्त ठेवूं नये. जत्रेंत काठीला बासऱ्या खोंवून हिंडणारा माणूस पाहा. कोणतीही नळी उचलतो आणि काय गोड वाजवितो! तो वाईट बासरीचा प्रत्येक दोष ओठांच्या कोनानें व फुंकीच्या कमीजास्त जोरानें सांवरून घेत असतो. त्याची ती कला वर्षांच्या अभ्यासाची आहे, व ती विक्रींत मिळत नाहीं. घरीं आल्यावर मुलाला त्यांतून नुसता वारा ऐकूं येतो. जत्रेंतील बासरी आम्ही वाईट म्हणत नाहीं. दहा-वीस रुपयांत एक दिवसाचा आनंद मिळतो, तो अवश्य घ्यावा. ती शिकण्याचें साधन नव्हे, एवढेंच.

उरलेल्या परीक्षा डोळ्यांनीं करावयाच्या. नळी उजेडाकडे धरून आंतून पाहावी. सरळ, गुळगुळीत, मधें पेर नसलेली असावी. फुंकरीच्या छिद्राची कड स्वच्छ व रेखीव असावी. ती बोथट असली तर आवाज घोगरा येतो. अंगावर दोऱ्याचे पट्टे असतात ते वेळू तडकूं नये म्हणून घातलेले असतात व ते असणें चांगलें, परंतु एखाद्या पट्ट्याखालीं जुनी तडक दडविली नाहीं ना, हें नखानें चांचपून घ्यावें. रंग, झुंबरें, रेशमी गोंडे ह्यांचे पैसे वेगळे पडत असतील तर ते काढून ठेवावयास सांगावें. साधी, तेल पाजलेली, सुरांतली बासरी आजच्या भावानें हजार रुपयांच्या आसपास मिळावी. ज्या घरीं तेवढेही एकदम निघत नाहींत तेथें आम्ही म्हणूं कीं दोन महिने थांबा, पण तीनशेंत बेसूर घेऊं नका.

कित्येक पालक विचारतात कीं, आपल्या जावळीच्या डोंगरांत वेळूचीं बेटें उभीं असतां बासरी विकत कां घ्यावी ? प्रश्न रास्त आहे. पण आपला कळक जाड सालीचा. मांडवास आणि शिडीस त्याच्यासारखा दुसरा नाहीं, बासरीस मात्र तो जड पडतो. चिव्याची काठी प्रसिद्धच आहे, आणि ती काठी म्हणून चांगली ती भरीव असल्यामुळेंच. बासरीला लांब पेराचा, पातळ सालीचा वेळू लागतो. तो आसामांत सिल्चरच्या बाजूस होतो, तेथून उत्तर प्रदेशांतील पिलिभीत ह्या बासरी करणाऱ्यांच्या गांवीं जातो, आणि तयार बासऱ्या देशभर पसरतात. हातकामाच्या तासाला मुलांनीं मिळेल त्या पातळ नळीची बासरी करून जरूर पाहावी. छिद्र अर्धा बोट इकडे तिकडे झालें कीं स्वर कोठें जातो, हें पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही धड्यापेक्षां त्यांतून लवकर समजतें. पण ती बासरी अभ्यासाला धरूं नये.

खरेदी कोठें करावी ? साताऱ्यास वाद्यांचीं दुकानें आहेत. पण ज्यांना एक दिवस काढतां येईल त्यांनीं साताऱ्याहून रेल्वेनें मिरजेस जावें, असें आम्ही सुचवूं. मिरज खरें पाहतां तंतुवाद्यांचें गांव. पंढरपुराकडील भोपळे आणून तेथील कारागीर पिढ्यान् पिढ्या तंबोरे व सतारी करीत आले आहेत, आणि २०२४ सालीं तेथील सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालें. बासरी ही तेथील मूळ विद्या नव्हे. मग मिरजच कां ? कारण जेथें दिवसभर तंबोऱ्याच्या जवारीवर सूत सरकवून सूर शोधण्याचें काम चालतें, तेथें बेसूर वाद्य खपविणाऱ्यास लाज वाटते. अशा गल्लींत दहा बासऱ्या पुढ्यांत मांडून त्यांतून एक निवडूं देणारा मनुष्य भेटण्याचा संभव अधिक. निवडूं न देणाऱ्याकडून, मग तो कोठलाही असो, कांहीं घेऊं नये. घरबसल्या मोबाईलवरून मागविणें हें तर न निवडतां घेणें होय. मागवावयाचीच झाली तर परत घेण्याची अट आधीं पाहावी.

येथें शाळेस उद्देशूनही एक गोष्ट बोलावयाची आहे. वीस पालकांनीं वीस ठिकाणांहून वीस पट्ट्यांच्या बासऱ्या आणल्या, तर त्या मुलांना कधींही एकत्र वाजवितां येणार नाहीं. एकाच वर्गांत वीस निरनिराळे षड्ज नांदतील, आणि शिक्षक कानांवर हात ठेवतील. ह्याऐवजीं शाळेनें एकाच पट्टीच्या बासऱ्यांची एकत्र मागणी द्यावी, जाणकारानें त्या एकदम तपासाव्यात, सदोष असतील तेवढ्या परत कराव्यात. एका चांगल्या लांकडी पिकोलोच्या किंमतींत दोन वर्गांतील सर्व मुलांच्या हातीं बासरी येईल व वर कांहीं उरेल. त्या शिलकींतून ज्यांना पैसे भरणें शक्य नाहीं त्यांची सोय व्हावी, आणि तीं मुलें कोणतीं हें वर्गांत कोणास कळूं नये. एक बासरी दोघांत वापरावयास देण्याची काटकसर मात्र कोणी करूं नये. तोंडाचें वाद्य ज्याचें त्याचें असावें.

मागणी करतांना मुलींचीं नांवें गाळूं नयेत. ‘फुंकीचें वाद्य मुलींना शोभत नाहीं’ असें म्हणणारे लोक अद्यापि आहेत. दक्षिणेकडील सिक्किल भगिनी, कुंजुमणि व नीला, ह्यांनीं अनेक वर्षें बासरीवादनाच्या मैफली गाजविल्या, हें अशांच्या कानांवर घालावें, आणि यादी पुढें चालूं ठेवावी.

बासरी घरीं आल्यावर ती खिडकींत, उन्हांत किंवा चुलीजवळ ठेवूं नये. वाजवून झाल्यावर काठीला मऊ फडकें गुंडाळून आंतील ओल पुसावी. महिन्यांतून एकदां मोहरीच्या किंवा बदामाच्या तेलाचा हलका हात आंतून-बाहेरून फिरवावा. पावसाळ्यांत तेल कमी, पुसणें अधिक. कापडाच्या पिशवींत ठेवावी, प्लास्टिकच्या पिशवींत कोंडूं नये, नाहींतर श्रावणांत बुरशी येईल. धाकट्या भावंडांच्या हातीं ती छडी म्हणून जाऊं नये, हेंही सांगून ठेवतों.

ज्या पालकांस एकत्र मागणींत सामील व्हावयाचें असेल त्यांनीं मुलाचा डावा पंजा कागदावर ताणून ठेवावा, पेन्सिलीनें भोंवतीं रेघ ओढावी, आणि तो कागद मुलाचें नांव व इयत्ता घालून शाळेंत पाठवावा. पांढरी एक पेलेल कीं पांढरी तीन घ्यावी, हें त्या रेघेवरून ठरवितां येईल.